युरोप एकत्र राहणार की फुटणार? बारामती-इंदापूरनं याकडं लक्ष का ठेवायला हवं

बारामतीच्या एमआयडीसीचा विषय निघाला की दोन इटालियन नावं हमखास निघतात. एक पियाजिओ. गावोगावी प्रवासी आणि माल वाहणारी अ‍ॅपे रिक्षा याच कंपनीची. दुसरी फेरेरो. दुकानात गेल्यावर पोरं ज्याच्यासाठी हट्ट धरतात, त्या किंडर जॉयची कंपनी. शेजारच्या इंदापूर तालुक्यात बोरीसारखी गावं द्राक्षासाठी ओळखली जातात, आणि पुणे जिल्ह्यातल्या द्राक्षाला युरोपची बाजारपेठ नवीन नाही.

आणि याच युरोपात गेली पंधरा वर्षं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. हे सगळे देश एकत्र राहणार का?

आधी ग्रीस बुडायला आला. मग ब्रिटन बाहेर पडला. मग कोरोना आला, मग युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, मग अमेरिकेनं आयातशुल्क वाढवलं. प्रत्येक वेळी "आता युरोपियन युनियन संपलं" असे मथळे आले आणि प्रत्येक वेळी युनियन टिकलं. नुसतं टिकलं नाही, तर बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त घट्ट झालं.

हे कसं होतं? पुढं काय होऊ शकतं? आणि कऱ्हा-नीरेच्या काठावरच्या माणसाला त्याचं काय? सगळं सोपं करून बघू.

सुरुवात युद्धानं झाली होती

पियाजिओची मूळ फॅक्टरी इटलीतल्या पोंतेदेरा या गावात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथं स्कूटर बनत नव्हती, विमानं बनत होती. साहजिकच बॉम्बहल्ले झाले आणि कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध हरलेल्या इटलीला विमानं बनवून उपयोग नव्हता. लोकांकडं पैसे नव्हते, रस्ते फुटलेले होते. मग कंपनीनं स्वस्तात फिरता येईल असं वाहन काढलं. १९४६ साली आलेली ती स्कूटर म्हणजे व्हेस्पा. दोन वर्षांनी त्याच कल्पनेतून तीन चाकी मालवाहू गाडी आली, तिचं नाव आपे. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडं त्याच आपेचं अ‍ॅपे झालं.

फेरेरोही १९४६ चीच. इटलीतल्या आल्बा गावात सुरू झालेली. युद्धानंतर कोको मिळेना, म्हणून त्या भागात भरपूर पिकणारं हेझलनट चॉकलेटमध्ये घालून त्यांनी काम भागवलं. पुढं त्यातूनच न्यूटेला आलं.

म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतल्या या दोन्ही कंपन्यांचा धंदा उभा राहिला तो युद्धानंतरच्या टंचाईतून. युरोपियन युनियनचा जन्मही त्याच काळातला आणि त्याच कारणातून झालेला.

फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले होते. पुन्हा लढू नयेत म्हणून ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमन यांनी एक साधी गोष्ट सुचवली. युद्ध करायला कोळसा आणि पोलाद लागतं. तर मग या दोन गोष्टींचा कारभारच सामाईक करून टाकू. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार केला. १९५७ च्या रोम करारानं सामाईक बाजारपेठेची पायाभरणी झाली. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानं युरोपियन युनियन हे नाव आणि एका चलनाचा आराखडा आला. १९९९ मध्ये युरो हिशेबात आला आणि २००२ मध्ये नोटा लोकांच्या खिशात आल्या.

आज युनियनमध्ये २७ देश आहेत. त्यातले २१ देश युरो वापरतात. सगळ्यात नवा बल्गेरिया, १ जानेवारी २०२६ पासून.

युरो म्हणजे सामाईक विहीर

आता मुख्य मुद्दा. युरोपच्या जवळपास प्रत्येक आर्थिक संकटाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यानं सामाईक विहिरीवरची भांडणं बघितलीत, त्याला ती लगेच कळेल.

चार भाऊबंदांची एक विहीर आहे. जमीन ज्याची त्याची, पीक ज्याचं त्याचं, घरखर्च ज्याचा त्याचा. पाणी मात्र एकाच विहिरीचं. पाळ्या ठरलेल्या, वीजबिलाचे वाटे ठरलेले. पाऊसपाणी चांगलं असतं तोवर सगळं गोडीत चालतं. भांडण कधी लागतं? मोटार जळते तेव्हा. किंवा एका भावाचं बिल थकतं आणि सगळ्यांचीच वीज तुटायची वेळ येते तेव्हा. बाकीच्यांनी त्याचं बिल भरायचं का? भरलं तर तो पुढच्या वर्षी पुन्हा थकवणार. नाही भरलं तर आपलंही पीक वाळणार.

युरोचं अगदी हेच झालं. चलन सगळ्यांचं एक, व्याजदर ठरवणारी मध्यवर्ती बँक एक. पण कर गोळा करणं, खर्च करणं, कर्ज काढणं ज्याचं त्याचं.

भारतातही रुपया सगळ्या राज्यांचा एकच आहे. मग इथं असं का होत नाही? कारण इथं वर केंद्र सरकार आहे आणि त्याची तिजोरी मोठी आहे. देशाच्या जीडीपीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा खर्च एकटं केंद्र करतं. एखाद्या राज्यात दुष्काळ पडला, पूर आला की केंद्राचा पैसा येतो. वित्त आयोग श्रीमंत राज्यांतून आलेल्या कराचा वाटा गरीब राज्यांना देतो. "महाराष्ट्र एवढा कर देतो आणि परत येतं किती" हा वाद दरवर्षी होतो, पण पैसे फिरतात.

युरोपियन युनियनचं सामाईक बजेट किती? सगळ्या देशांच्या मिळून उत्पन्नाच्या साधारण एक टक्का. विहीर एवढी मोठी आणि दुरुस्तीचा डबा एवढासा.

नियम होते. वार्षिक तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत. पण २००३ च्या सुमारास खुद्द जर्मनी आणि फ्रान्सनंच तुटीची मर्यादा ओलांडली आणि त्यांना दंड झाला नाही. थोरल्यांनीच पाळी मोडल्यावर धाकट्यांना कोण बोलणार?

ग्रीस : जामीन कोण होतं?

सोसायटीचं कर्ज काढताना जामीनदार लागतो. जामीनदार तगडा असेल तर कर्ज लवकर मिळतं. युरो आल्यावर ग्रीसचं तसंच झालं. करारात स्पष्ट लिहिलेलं होतं की एका देशाचं कर्ज दुसरा फेडणार नाही. पण कर्ज देणाऱ्या बँकांनी मनातल्या मनात जर्मनीला जामीनदार धरून टाकलं आणि ग्रीसला जवळपास जर्मनीच्याच व्याजदरानं पैसे दिले.

ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसमध्ये नवं सरकार आलं आणि त्यानं सांगितलं की आधीचे आकडे खोटे आहेत, तूट सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. झालं. रातोरात व्याजदर भडकले.

ग्रीसकडं स्वतःचं चलन असतं तर त्यानं त्याची किंमत घसरू दिली असती. वस्तू आणि पर्यटन स्वस्त झालं असतं, निर्यात वाढली असती, हळूहळू गाडी रुळावर आली असती. पण चलन सामाईक. तो मार्गच बंद. मग उरला एकच उपाय. पगार कापा, पेन्शन कापा, खर्च कापा.

मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोचं पहिलं मदतपॅकेज आलं. पाठोपाठ आयर्लंड, पोर्तुगाल, स्पेनच्या बँका आणि सायप्रस रांगेत उभे राहिले. ग्रीसची अर्थव्यवस्था जवळपास पावपटीनं आकसली. २०१३ मध्ये तिथली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर होती. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळत होते. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी युरोपच्या अटी नाकारल्या. तरी काही दिवसांतच तिथल्या सरकारला जवळपास तशाच अटी मान्य कराव्या लागल्या. युरोतून बाहेर पडणं त्याहून महाग पडणार होतं.

२०१० चा हंगाम : द्राक्षाला दोन बाजूंनी फटका

ग्रीसचा हा गोंधळ चालू होता, तेव्हा महाराष्ट्रात द्राक्षाचा निर्यात हंगाम सुरू होता. त्या वर्षी युरोपच्या एकत्रीकरणाचे दोन चटके एकदम बसले.

पहिला चटका चलनाचा. २००९ च्या शेवटी एक युरो म्हणजे साधारण ७० रुपये होते. एप्रिल २०१० मध्ये तो ६० च्या घरात आला. म्हणजे माल तोच, तिकडचा भाव तोच, पण रुपयात मोजताना प्रत्येक युरोमागं दहा रुपये गेले. अथेन्समधल्या सरकारनं लपवलेल्या तुटीचा एक हिस्सा असा इथल्या बागायतदारांच्या हिशेबातून वजा झाला.

दुसरा चटका जास्त मोठा होता. तो होता सीसीसीचा.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड. वेलीची नुसती वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून बागायतदार हे संजीवक वापरत. पूर्वी प्रत्येक युरोपियन देशाचे अवशेषांचे नियम वेगळे होते. एका देशानं माल नाकारला तरी दुसरीकडं खपायचा. १ सप्टेंबर २००८ पासून युनियननं सगळ्या देशांना एकच मर्यादा लागू केली. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १०० टन द्राक्षात फक्त १ ग्रॅम.

सीसीसीसाठी द्राक्षावर तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा होती. पण भारतात निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत सीसीसी नव्हतं. २०१० मध्ये तिकडच्या प्रयोगशाळांनी ते तपासलं आणि मर्यादेपेक्षा जास्त निघालं. सामाईक बाजारपेठेत एका देशानं धोक्याची सूचना दिली की ती बाकी सगळ्यांना लगेच जाते. एक दार बंद झालं की सगळीच बंद. कंटेनर बंदरांत अडकले, खरेदीदारांनी हात वर केले आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही अडचणीत आले. त्या वेळी देशाचे कृषिमंत्री बारामतीचेच शरद पवार होते, त्यामुळं हा प्रश्न दिल्लीतही गाजला.

त्यानंतर बरंच बदललं. सीसीसीचा तपासणी यादीत समावेश झाला. अपेडाच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने आणि प्रयोगशाळेचा अहवाल हे सगळं एका साखळीत आलेलं होतंच, ते आणखी कडक झालं. पुण्याजवळच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचा कणा बनलं. आज निर्यातीचा बागायतदार कुठली फवारणी काढणीच्या किती दिवस आधी बंद करायची याचा हिशेब तोंडपाठ ठेवतो. तो नियम लिहिला गेलाय ब्रसेल्समध्ये.

मग एक युरोप चांगला की वाईट?

इथं एक गंमत आहे. एकच नियम म्हणजे एका चुकीला सगळीकडं शिक्षा. पण एकच नियम म्हणजे एकदा पास झालं की सगळीकडं प्रवेशही. मुंबईजवळच्या जेएनपीए बंदरातून निघालेला कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरतो. तिथं सीमाशुल्क आणि तपासणी झाली की तोच माल जर्मनी, बेल्जियम, पोलंडला कुठल्याही सीमेवर न थांबता जाऊ शकतो. साधारण ४५ कोटी लोकांच्या बाजाराला एकच दार आहे.

हे दार तुटलं तर काय होतं, त्याचा नमुना ब्रेक्झिटनं दाखवला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटननं ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. ३१ जानेवारी २०२० ला तो युनियनमधून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून सामाईक बाजारपेठेतूनही. ब्रिटन हा भारतीय द्राक्षाचा मोठा गिऱ्हाईक. आता त्याची सीमा वेगळी, कागद वेगळे आणि कीडनाशकांच्या मर्यादा ठरवायचा अधिकारही वेगळा. भारताला त्याच्याशी करारही वेगळा करावा लागला. तो २४ जुलै २०२५ रोजी झाला.

एक देश बाहेर पडला तर एवढं. समजा उद्या आणखी चार देश बाहेर पडले, तर मोठी निर्यात कंपनी वकील आणि सल्लागार लावून निभावून नेईल. दोन-तीन एकरांचा बागायतदार प्रत्येक देशाची वेगळी यादी कशी सांभाळणार? एकत्र युरोपचा सगळ्यात जास्त फायदा असा लहान माणसाला होतो आणि तो फुटला तर सगळ्यात आधी तोच गळतो.

इटली संकटात आणि बारामतीत नवी फॅक्टरी

ग्रीसनंतर नंबर होता इटलीचा. ग्रीस लहान होता, त्याला वाचवता येत होतं. इटली ही युरो वापरणाऱ्या देशांतली तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था. ती बुडाली असती तर युरोच बुडाला असता. नोव्हेंबर २०११ मध्ये इटलीच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर ७ टक्क्यांच्या वर गेला. पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांना राजीनामा द्यावा लागला आणि अर्थतज्ज्ञ मारिओ मोंटी यांच्याकडं कारभार आला. पगार, पेन्शन, नोकऱ्या सगळीकडं कात्री लागली. इटलीत दुचाक्यांचा खप घसरत होता.

अशा वेळी, एप्रिल २०१२ मध्ये, पियाजिओनं व्हेस्पाचा नवा कारखाना सुरू केला. कुठं? बारामतीत. तीनचाकी गाड्या तर तिथं आधीपासून बनत होत्याच. फेरेरोचा बारामतीतला प्रकल्पही याच काळातला. घरचं मार्केट आकसत असताना युरोपियन कंपन्या भारतासारख्या वाढत्या बाजारात पैसा लावत होत्या.

म्हणजे युरोपचं संकट हे बारामतीसाठी फक्त नुकसान नव्हतं. द्राक्षवाल्याचा युरो स्वस्त झाला आणि त्याच काळात एमआयडीसीत नवी गुंतवणूक आली. पण याला दुसरी बाजू आहे. मूळ कंपनीच्या घरीच आग लागली तर ती बाहेरची गुंतवणूकही थांबवते. त्यामुळं इटलीची पत घसरणं ही बारामतीच्या कामगारासाठीही परक्याची बातमी राहत नाही.

इटली वाचली ती एका भाषणानं असं म्हणतात आणि त्यात बरंच तथ्य आहे. २६ जुलै २०१२ ला युरोपियन मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारिओ द्राघी यांनी लंडनमध्ये सांगितलं की युरो वाचवायला जे करावं लागेल ते बँक करेल. सप्टेंबरमध्ये त्यांनी अडचणीतल्या देशांचे रोखे विकत घ्यायची योजनाही जाहीर केली. ती योजना प्रत्यक्ष वापरावीच लागली नाही. विहिरीला मोठा मालक आहे आणि तो ती बुजू देणार नाही, एवढं बाजाराला कळणंच पुरेसं होतं.

कोरोना : पहिल्यांदा सगळे मिळून कर्जदार

२०२० मध्ये मात्र भाषणानं भागणार नव्हतं. कोरोनाचा युरोपातला पहिला मोठा तडाखा बसला इटलीला. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क या हात आखडून खर्च करणाऱ्या देशांचं म्हणणं होतं की मदत कर्ज म्हणून द्या, फुकट नको. चार दिवसांहून जास्त चाललेल्या बैठकीनंतर २१ जुलै २०२० ला पहाटे तोडगा निघाला. ७५० अब्ज युरो. त्यातले ३९० अब्ज अनुदान आणि ३६० अब्ज कर्ज. आणि हा पैसा सगळ्या देशांनी मिळून, युनियनच्या नावावर कर्ज काढून उभा करायचा. फेड २०५८ पर्यंत. सगळ्यात मोठा वाटा इटलीला.

दहा वर्षं जर्मनी ज्याला ठाम नाही म्हणत होता, तेच झालं होतं. सगळे एकमेकांचे जामीनदार झाले.

त्याच वर्षी भारतातही असंच भांडण चालू होतं. लॉकडाऊनमुळं जीएसटी कमी आला आणि राज्यांना ठरलेली भरपाई कुठून द्यायची, कर्ज केंद्रानं काढायचं की राज्यांनी, यावर वाद पेटला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं राज्यांच्या वतीनं १ लाख १० हजार कोटींचं कर्ज काढायचं मान्य केलं. दिल्ली आणि ब्रसेल्स, दोन्हीकडं प्रश्न एकच होता. सामाईक संकटाचं कर्ज कोणाच्या नावावर?

आता पुढं काय?

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि स्वस्त रशियन गॅसवर चालणारा जर्मन उद्योग हादरला. चीनच्या इलेक्ट्रिक गाड्यांची स्पर्धा वाढली. अमेरिकेनं आयातशुल्क लावलं आणि संरक्षणाचा खर्च तुमचा तुम्ही बघा असं सुनावलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मारिओ द्राघींनी एक अहवाल दिला. युरोपला स्पर्धेत टिकायचं असेल तर दरवर्षी ७५० ते ८०० अब्ज युरो जास्तीची गुंतवणूक लागेल, असं त्यात म्हटलंय. एवढा पैसा एकेकट्या देशाच्या आवाक्यातला नाही.

अडचण अशी की परराष्ट्र धोरण, कर आणि दीर्घकालीन बजेट अशा विषयांवर सगळ्या २७ देशांचं एकमत लागतं. एकानं मान हलवली नाही तर गाडी थांबते. हंगेरीनं रशिया-युक्रेनच्या प्रश्नावर हा अडसर वारंवार घातला. बऱ्याच देशांत युनियनवर नाराज असलेले पक्षही वाढलेत.

यातून तीन रस्ते निघतात.

पहिला, आणखी एकत्र येणं. सामाईक कर्ज ही एका वेळची गोष्ट न राहता सवय बनेल. याच्या खुणा दिसतायत. २०२५ मध्ये संरक्षणासाठी १५० अब्ज युरोच्या कर्जाची योजना आली आणि डिसेंबरमध्ये युक्रेनला ९० अब्ज युरो देण्यासाठी सामाईक कर्ज काढायचं ठरलं.

दुसरा, दोन वेगांचा युरोप. ज्यांना पुढं जायचंय ते जातील, बाकीचे मागून येतील किंवा येणार नाहीत. युरो सगळ्यांचा नाही, सीमामुक्त प्रवासाचा शेंगेन करारही सगळ्यांचा नाही. म्हणजे हे आजही थोडंफार आहेच.

तिसरा, हळूहळू सैल होणं. कोणी बाहेर पडणार नाही, पण सीमेवर पुन्हा तपासणी, प्रत्येकाची वेगळी सबसिडी आणि वेगळे अपवाद सुरू होतील. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, ती याचीच खूण मानली जाते.

आजवरचा अनुभव सांगतो की युरोप यातला कुठलाही रस्ता सरळ निवडत नाही. तो शेवटच्या रात्रीपर्यंत भांडतो आणि पहाटे जेवढं अगदी गरजेचं तेवढंच करतो.

बारामती-इंदापूरवर परिणाम काय?

द्राक्ष आणि डाळिंब : भारत आणि युरोपियन युनियनच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. पण घोषणा म्हणजे अंमलबजावणी नाही. युरोपियन संसदेची मंजुरी लागते. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका या द्राक्षातल्या स्पर्धकांचे युरोपशी करार आधीच आहेत. दुधाचा धंदा या करारातून बाहेर ठेवल्याचं भारतानं सांगितलंय, ही या भागातल्या दूध उत्पादकांसाठी महत्त्वाची गोष्ट. आणि एक लक्षात ठेवायला हवं. शुल्क कमी झालं तरी अवशेषांची मर्यादा कमी होत नाही. ती उलट कडकच होत जाते.

चलन : २०२५ मध्ये युरोनं पहिल्यांदा १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. निर्यातदाराला हे गोड वाटतं. पण २०१० सारखं एखादं संकट आलं तर हाच युरो एका हंगामात खाली येऊ शकतो.

एमआयडीसी : भारतातले बीएस-६ सारखे धुराचे नियम युरोपच्या नियमांच्या धर्तीवरच बनलेत. त्यामुळं ब्रसेल्समध्ये ठरलेली गोष्ट काही वर्षांनी बारामतीच्या असेंब्ली लाइनवर आणि मग रिक्षाच्या किमतीत दिसते.

शिक्षण आणि नोकरी : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. आयटीआय, नर्सिंग केलेल्या पोरापोरींसाठी हा रस्ता आहे. शेंगेनचा एक व्हिसा आज २९ देशांत चालतो. सीमा पुन्हा उभ्या राहिल्या तर या सोयीची किंमत कमी होणार.

कशावर लक्ष ठेवायचं?

युरोपची प्रत्येक बातमी वाचायला कोणाला वेळ नाही. पण चार गोष्टींवरून दिशा कळते. एक, युनियन पुन्हा सामाईक कर्ज काढतंय का. काढत असेल तर विहीर पक्की होतेय. दोन, इटली आणि जर्मनीच्या सरकारी रोख्यांच्या व्याजदरातलं अंतर. ते वाढलं की बाजार घाबरलाय असं समजायचं, २०११ मध्ये हेच झालं होतं. तीन, एकमताची अट सैल होते का. चार, भारताबरोबरच्या कराराला युरोपियन संसद कधी आणि कशी मंजुरी देते.

यातली चौथी गोष्ट बागायतदाराला सगळ्यात जवळची. कारण ऑक्टोबरची छाटणी करताना त्याला माल कुठं पाठवायचा हे ठरवावं लागतं. त्या देशाच्या यादीप्रमाणंच पुढचे चार महिने फवारण्या होतात.